उभी सुपारी

होडी उलटल्याची बातमी आली तेव्हा मी मांडावर बसलो होतो. मांड म्हणजे आमच्या वाडीची सभेची जागा. कुंभारवाड्याच्या अलीकडे, फणसाखाली, शेणानं सारवलेली. परशू धावत आला आणि म्हणाला, "भाऊ, केशरवैनी गेली." सुप्याच्या धरणाच्या पाण्यात. होडीत माझी बायको केशर, होडीवाला लाडू आणि गिरणीला न्यायची भाताची पोती होती. लाडू पोहून वर आला. साल एक्याण्णव.

मांडावर कुणी कधी बोलायचं ते मी ठरवतो. ज्याला बोलायचं असेल त्यानं केळीच्या पानावर सुपारी ठेवायची. मी ओळीनं एकेक उचलतो. ज्याची उचलली तो बोलतो, बाकीचे गप्प. शिवी दिली तर सुपारी परत, त्या दिवशी तोंड बंद. फारच झालं तर माणूसच मांडाबाहेर. पण त्याचं ऐकल्याशिवाय मी कुणाला काढलेलं नाही. आजूबाजूच्या सभांत डोकी फुटली, आमच्याकडे कधी हात उठला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पूर्वी बायका अर्धी सुपारी ठेवायच्या. केशरनं अख्खी ठेवली. म्हातारे भिकाजी म्हणाले, "बायकांची अर्धी आसती गो."

"मी अर्धं बोलतंय व्हय?" ती म्हणाली. "तुमीच अर्धं ऐकताय."

सगळा मांड हसला. त्या दिवसापासून सगळ्या बायकांची अख्खी. बाकीच्यांच्या सुपाऱ्या पानावर लवंडतात. ती आपली बुडावर नीट उभी करून ठेवायची.

तेरावं झाल्यावर लाडूला मांडाबाहेर काढायला सभा बसली. जास्त पोती भरून त्यानं होडी बुडवली, असं सगळे म्हणाले. लाडूची पाळी आली.

"मी म्हटलं, वैनी, दोन पोती ऱ्हाऊ देत. तर ती म्हणाली, भर, मी सांगतंय न्हवं."

"मेलेल्या बाईवर ढकलतोस, मुडद्या?" माझी भावजय रुक्मा ओरडली.

मी रुक्माला गप्प केलं. तिची पाळी नव्हती. मग पुढची सुपारी उचलायला वाकलो. पानावर एकच उरली होती. उभी.

"ही कुणाची?"

सगळ्यांचं बोलून झालं होतं. कुणीतरी चेष्टा केली असेल असं समजून, निकाल पुढे ढकलून मी सभा उठवली.

पुढच्या सभेला पान मी स्वतः धुतलं. प्रत्येकाची सुपारी हातात घेऊन मीच मांडली. बोलणी संपली आणि पाहिलं, तर ओळीच्या शेवटी ती होती.

तिसऱ्या सभेला ती ओळीत पहिली होती.

पहिली टाळून दुसरी उचलता येत नाही. हा नियम माझाच.

"यशवंता, उचल," भिकाजी हळू आवाजात म्हणाले.

लाडूनं हात जोडले. "उचला भाऊ. ती म्हणंल ते मला कबूल हाय."

लाडू खोटा असला तर तो बाहेर. खरा असला तर होडी केशरनं बुडवली. वाडीत तिच्यासारखी बाई झाली नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो. आणि ती मांडावर कधी खोटं बोलली नाही.

मी हात पुढे केला.

बायकांच्या बाजूला कुणीतरी घसा खाकरला. हलकं, दोनदा. बोलायच्या आधी केशर तसंच खाकरायची.

रुक्मा बाजूला सरकली. तिच्या शेजारची दुसरीकडे सरकली. मधे एका माणसापुरती जागा झाली.

मी हात मागे घेतला.

ती सुपारी दर सभेला पहिलीच उभी असते, आणि तेव्हापासून मांडावर कुणी बोललेलं नाही. माणसं येतात, बसतात, उठून जातात. बायका ती जागा सोडून बसतात. लाडू कडेला उभा असतो, धड आत नाही, धड बाहेर नाही. त्याचा निकाल मी अजून दिलेला नाही.