क्षिप्राचा राग चोरीला जातो

‘सॉरी. माझ्याच्याने नाही होणार. घरच्यांना तूच सांग.’

मोरा बंदराच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या क्षिप्राने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. लग्न मोडायचं एका ओळीत, हे एक वेळ सोडून देऊ... पण घरच्यांना तूच सांग? म्हणजे लग्न मोडणार प्रसाद, आणि निरोप्याचं काम हिनं करायचं? आणि मुहूर्त कोणता निवडला, तर बस्त्याचा! दोन्हीकडची माणसं मुंबईला साड्यांच्या दुकानात जाऊन बसलेली. प्रसादची नोकरी उरणला. दोघांनी लाँचने एकत्र जायचं म्हणून क्षिप्रा आदल्या दिवशीच उरणच्या मावशीकडे येऊन राहिली होती. सकाळपासून एकेक लाँच तिच्या डोळ्यांदेखत सुटली, आणि आता ओहोटी लागल्यामुळे तिकीटवाला खिडकी लावून घेत होता.

“पानी नाय, लाँच नाय ताई. आता सांजचीच हाय.”

सांजचीच म्हणे! क्षिप्रा धक्क्यावर ताडताड चालू लागली. टोकापर्यंत जायचं, गर्रकन वळायचं, परत यायचं. ओढणीचं टोक दातांत, आणि बोटांवर एकेक अपमान मोजणं चालू. नवी चप्पल चावत होती, म्हणून तीही भिरकावली. ती जाऊन पडली थेट चिखलात.

“काढून देऊ?”

पायऱ्यांवर एक दाढीवाला तरुण बसला होता. केव्हापासून, कोण जाणे.

“मी मागितली का?”

“नाही... पण एका चपलेवर जाणार कुठे?”

“तुम्हाला काय करायचंय? आणि मघापासून बघताय काय? सिनेमा चाललाय का इथे?”

“सिनेमा नाही,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि पँट दुमडून चिखलात उतरलासुद्धा. चप्पल घेऊन वर आला तेव्हा त्याच्या नाकालाही चिखल लागला होता. एरवी क्षिप्राला हसू फुटलं असतं. पण त्या दिवशी हसणं म्हणजे प्रसादला माफी दिल्यासारखं झालं असतं. तिने चप्पल हिसकावून घेतली आणि रिक्षा पकडली.

त्यानंतर चार महिने सगळं जग तिला एकच गोष्ट सांगत होतं. रड.

“रडून घे गं एकदा, मोकळी होशील,” आई म्हणायची. मावशी फोनवर तेच म्हणायची. सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूही खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, “मनात ठेवू नये हो.” अहो, पण रडू येत असतं तर रडली नसती का? क्षिप्राला राग आला होता. स्वच्छ, खणखणीत राग. पण लग्न मोडलेली मुलगी दुःखीच असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि तिला विचारायची कुणाला गरजच वाटत नव्हती.

क्षिप्रा फिजिओथेरपिस्ट होती. एका दुपारी तिला तुर्भ्याहून बोलावणं आलं. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये नर्तकांचा एक ग्रुप नवा बॅले बसवत होता, आणि तालमीत एकेकाचे घोटे दुखावले होते. ती बॅग घेऊन आत शिरली... आणि दारातच थांबली.

अबोली नावाची मुख्य नर्तकी चवड्यांच्या टोकावर ताडताड चालत होती. कडेपर्यंत, गर्रकन वळून परत. ओढणीचं टोक दातांत. बोटांवर मोजणं! ही तर ती स्वतःच होती! आणि मग व्हायोलिन कण्हू लागलं, अबोली जमिनीवर कोसळली आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागली.

“छान! आता होडी येऊ दे,” कोपऱ्यातून आवाज आला. दाढीवाला. तोच!

“ही चाल माझी आहे,” क्षिप्रा जवळजवळ ओरडलीच.

त्याने वळून पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. “हो,” तो म्हणाला. नाकबूल करायचं सोडून सरळ हो! “मी निखिल. हा बॅले मीच बसवतोय.”

“न विचारता उचललीत?”

“विचारणार होतो. तुम्ही रिक्षात बसलात.”

“आणि वर तिला रडायला लावलंत! चाल माझी घेतलीत, मग राग कुठे टाकून दिलात?”

“मी पण तेच म्हणते सर,” अबोली घाम पुसत म्हणाली. “एवढी ताडताड चालणारी बाई एकदम कोसळते कशी?”

निखिल दाढी खाजवत राहिला. “राग स्टेजवर टिकत नाही हो. दोन मिनिटांत संपतो. विरह कसा, तासभर पुरतो.”

“माझा चार महिने टिकलाय.”

निखिल तिच्याकडे बघत होता — तसंच, धक्क्यावर बघितलं होतं तसं.

“तुम्ही रडत नव्हता,” तो हळूच म्हणाला. “मी पाहिलं होतं ते. पण लोकांना पटणार नाही असं वाटलं... आणि मी घाबरलो.”

तुम्ही रडत नव्हता. चार महिन्यांत हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. क्षिप्राला वाटलं, या माणसाला दोन तडाखे द्यावेत आणि मग त्याच्यासमोर बसून चहा प्यावा. तडाखे राहिले. चहा मात्र झाला.

मग दर शनिवारी ती घोटे बघायला जाऊ लागली आणि घोटे सोडून सगळ्यात नाक खुपसू लागली. व्हायोलिन गेलं, डफ आला. रागात माणूस जमिनीवर टाच आपटतो, चवड्यांवर तरंगत नाही, यावर निखिलशी दुपारभर भांडण झालं. शेवटी त्याने अबोलीला चवड्यांवर उभं राहायला लावलं आणि प्रत्येक वळणावर टाच दाणकन खाली आणायला लावली. इतर मुली ओहोटीचं पाणी होऊन सरपटत मागे हटू लागल्या. नृत्य असं तुकड्यातुकड्याने, खाडाखोड करत, एकमेकांवर चिडत उभं राहतं, हे क्षिप्राला ठाऊकच नव्हतं. निखिलचाही घोटा मुरगळला तेव्हा तिने तो मांडीवर घेऊन पट्टी बांधली.

“दुखतंय?”

“तुम्ही पकडलंय तोवर नाही.”

“जास्त बोलू नका. घट्ट बांधीन.”

“बांधा ना...”

तिने खरोखरच घट्ट बांधली. तिची बोटं मात्र त्याच्या घोट्यावर जराशी रेंगाळली.

भांडण अडलं ते शेवटावर. होडी येते, नायक उतरतो आणि नायिकेला दोन्ही हातांवर डोक्याच्या वर उचलतो, असा निखिलचा शेवट होता.

“उचलतो?” क्षिप्रा भडकली. “अख्खा दिवस ताटकळत ठेवून उचलतो? त्याला म्हणावं, आपली होडी उचल!”

“अहो, बॅलेत शेवटी उचलतातच! लोक त्यासाठी येतात.”

“मग मला कशाला विचारता? लोकांनाच विचारा!” आणि बॅग उचलून ती निघाली. ती खरोखरच चिडली होती. हा माणूस आता पुन्हा लोकांना घाबरला, तर ती कायमची रडकी ठरणार होती, तीही भर स्टेजवर. पुढच्या शनिवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही. निखिलचा फोन तिने उचलला नाही. दोन पास मात्र घरी आले, आणि आईने हट्टच धरला.

वाशीच्या नाट्यगृहात क्षिप्रा हाताची घडी घालून बसली. डफ वाजला. अबोली चालू लागली, वळली, टाच दाणकन आपटली, आणि शेजारच्या खुर्चीत आई ताठ झाली. अबोली कोसळली नाही. शेवटपर्यंत कोसळली नाही. होडी आली, नायक हात पसरून पुढे झाला. अबोली त्याच्या हातांखालून वाकून पलीकडे निघाली आणि चालत विंगेत गेली. तो हात वर धरून तसाच उभा राहिला, आणि पडदा पडला.

टाळ्यांच्या कडकडाटात आई तिच्याकडे वळली. मग तिने विचारलं, “अशी होतीस का गं तू तेव्हा?”

“हो.”

“आणि मी आपली रड म्हणत होते...” आईने तिचा हात धरला. “जा, भेटून ये त्याला. मी थांबते इथे.”

विंगेत गर्दी होती. निखिल तारांच्या गुंडाळ्यांशेजारी एकटाच उभा होता, घामाने चिंब.

“राग गेला का?” त्याने भीत भीत विचारलं.

“प्रसादवरचा? अजिबात नाही.”

“नाही, म्हणजे... माझ्यावरचा?”

झालं! क्षिप्राचा पारा पुन्हा चढला. “तुझ्यावरचा केव्हाच गेला! पट्टी बांधली तेव्हाच गेला! अनोळखी बाईची चाल तुला मिनिटात कळते, आणि दर शनिवारी सानपाड्याहून तुर्भ्याला मी कशासाठी धडपडत येत होते, ते नाही कळलं? डोळे आहेत की...”

आपण त्याला ‘तू’ म्हटलं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“कळलं होतं,” निखिल म्हणाला. “पण मागच्या वेळी तुला न विचारता घेतलं होतं ना... म्हणून या वेळी थांबलो होतो. आता विचारू?”

“विचार की!” क्षिप्रा म्हणाली. “आणि लवकर विचार. मला ताटकळत ठेवलेलं आवडत नाही.”