थाळी वाजली की दार लावायचं

पालघरचा बाजार आटोपून मंजुळा सातपाटीला परतली तेव्हा तिच्या टोपलीत चार सरंगे मासे आणि तोंडात शिव्या उरल्या होत्या. सहासष्ट सालचा ऑक्टोबर, ऊन असं की डोक्यावरची चुंबळ तापावी. बाजारात उरलेला माल घेऊन ती रोज वकिलांच्या आळीत दारोदार फिरायची. त्या दिवशी तिथल्या शैलाबाईंनी खिडकीतूनच मान हलवली आणि दार लावून घेतलं.

"घेऊ नको गो बाय, नुसतं बघून तरी घे!" मंजुळानं हाक मारली. दार काही उघडलं नाही. दारावर आलेल्या बाईला असं हाकलतात होय, असं म्हणत तिनं एस.टी.तल्या शेजारणीचं डोकं सातपाटी येईपर्यंत खाल्लं.

माणसाचं असंच असतं. दुसऱ्याच्या बंद दारापुढं उभं राहिलं की माणुसकी आठवते, आणि आपल्या दाराआड गेलं की बाहेरचा प्रत्येक जण चोर दिसतो. कारण मंजुळाच्या स्वतःच्या आळीत नियम होता, की कुणा फेरीवाल्याला दार उघडायचं नाही. आणि तो नियम केला होता मंजुळानंच.

त्यालाही कारण होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, बोईसर-सालवडकडे परमुलखाची माणसं लोटली, आणि त्यांच्या मागोमाग नाना तऱ्हेचे विकणारे गावोगाव हिंडू लागले. आदल्या साली एक गोडबोल्या आला होता. पितळी डबी उघडून म्हणाला, "माँजी, सोना चमका दूँगा. पैसा मत दो, बस देख लो." पुरुष समुद्रावर होते. बायकांनी गळ्यातलं काढून दिलं. सोनं चमकलं खरं, पण त्याच्या डबीतल्या पाण्यात निम्मं विरघळून गेलं. सगळ्यात जास्त गेलं मंजुळाचं. आईनं दिलेली पाटली वेलीच्या काडीएवढी हलकी झाली.

तिचा नवरा जिव्या घरी आला तेव्हा ती चुलीपुढं रडत बसली होती. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे. सोनंच गेलं ना? तू हायस ना?" मूल नव्हतं दोघांना. एकमेकांवर जीव होता, आणि तो तसा बोलून दाखवायची त्याला लाज नव्हती.

त्याच्या त्या चांगुलपणानंच मंजुळा जास्त पेटली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हिनं तर ताकाचं भांडंच फोडायचं ठरवलं. आळीच्या तोंडाशी तिचं घर. अनोळखी माणूस खांद्यावर गाठोडं घेऊन दिसला की ती पितळी थाळी बडवायची, आणि आळीतली बावीस दारं फटाफट बंद व्हायची. मग त्यानं पाणी मागो की पत्ता विचारो, कुणी ओ द्यायचं नाही. वर्षभरात एकही चोर आत आला नाही. एकही कल्हईवाला, कासार, सुईपोतवाला आला नाही तोही याच हिशेबात.

तो बुधवार होता. बाजाराहून आलेल्या मंजुळानं जेवण केलं आणि ओट्यावरच्या दाराशी आडवी झाली. जिव्या घरात नव्हता. दुसऱ्याच्या होडीवर तो वर गुजरातेत जाफराबादेच्या अंगाला गेला होता, पंधरा दिवसांची खेप होती, त्यातले सात झाले होते. काळजीचं काही कारण नव्हतं.

भर दुपारी आळी अगदी निपचित असते. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास जड होऊन खाली बसतो, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. अशात मंजुळाचा डोळा लागणार, तोच तिला वेगळाच वास आला. समुद्राचा नव्हे. खाडीच्या काळ्या चिखलाचा, कुजट आणि गार.

तिनं मान वर केली. आळीच्या तोंडाशी एक म्हातारा उभा होता. काटकुळा, खांद्याला गाठोडं, आणि कमरेपर्यंत ओलाचिंब. महिनाभर पाऊस नव्हता. ओहोटीची वेळ होती. हा भिजला कुठं, असा विचार तिच्या मनात आला, पण त्याच्याआधी हात थाळीकडं गेला होता.

थाळी वाजली. दारं लागली. मंजुळानंही आपलं दार लोटून अडसर घातला.

पावलं दाराशी आली. टक, टक, टक.

"माय... घेऊ नको. नुसतं बघून घे."

आवाज म्हाताऱ्याचाच होता, पण आडात उभं राहून बोलावं तसा खालून येत होता. मंजुळाच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी रागही. गेल्या साली तो डबीवालाही हेच म्हणाला होता.

"जा रं बाबा! आमाला काय बघायचं नाय!"

"नुसतं बघून घे, माय..."

पावलं पुढच्या दाराशी गेली. टक, टक, टक. मग त्याच्या पुढच्या. बावीसच्या बावीस दारं त्यानं वाजवली. शेवटी तो परत मंजुळाच्याच दाराशी आला आणि या वेळी त्यानं दार वाजवलं नाही. नुसता उभा राहिला. दाराच्या फटीतून त्याच्या ओल्या धोतराची कड तिला दिसत होती, आणि पुढं केलेला हात. हातात काहीतरी होतं. तिनं पाहिलं नाही. पाहिलं तर मोह होतो, मोह झाला की फसतो, हे तिनंच सगळ्या आळीला शिकवलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वास विरला. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर मात्र काळा चिखल ठिबकला होता, आणि त्यांच्या आळीत तर सगळी पांढरी वाळू.

संध्याकाळी शेजारची काशीबाई आली. घरकाम सून आनंदी बघायची, ही दिवसभर खिडकीशी बसून असायची, तिच्या नजरेतून मांजर सुटायचं नाही.

"काय येडा म्हातारा गो," ती म्हणाली. "काय इकत होता ठाव हाय? जाळं विणायची सुई! कोळ्यांच्या आळीत!"

"मग उद्या मीठ घेऊन येल," मंजुळा म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. ते हसणं मंजुळाला पुढं जन्मभर ऐकू येत राहिलं.

शुक्रवारी होडी परत आली. सहा दिवस आधीच. होडी हाकणारा तांडेल विश्राम डोकीचा रुमाल हातात घेऊन आळीत शिरला तेव्हाच बायका समजल्या. शनिवारी रात्री डहाणूच्या समोर, खोल पाण्यात, पायात दोर अडकून जिव्या समुद्रात पडला होता. अंधारात जाळ्याला बांधायचे दोन तरंगते बोये त्याच्याकडं फेकले. हाका मारल्या. पाच दिवस तिथंच घिरट्या घातल्या. मग आशा सोडली.

मंजुळा रडली नाही. ती उठली आणि काशीबाईच्या खिडकीशी गेली.

"काशीआये, ती सुई... कशी होती?"

"सुई? बांबूची होती. शेपटाशी दोन खाचा..."

काशीबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. आपल्या प्रत्येक सुईला जिव्या शेपटाशी दोन खाचा पाडायचा. सगळ्या आळीला माहीत होतं.

"बघ म्हनत होता गो तो," मंजुळा म्हणाली. "नुसतं बघ म्हनत होता."

त्याच रात्री माणसं किनाऱ्यानं उत्तरेला निघाली. मंजुळा पुढं. पण जायचं कुठं? म्हाताऱ्यानं गाव सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कुणाला? मुरबे, नांदगाव, तारापूर, चिंचणी... गावोगाव ती विचारत गेली, जखमी माणूस हाय का, सुया इकणारा म्हातारा कुठला. गंमत बघा, कितीतरी दारं तिच्या तोंडावर बंद झाली. रात्री-अपरात्री केस सोडून धावणाऱ्या बाईला कोण दार उघडतो?

रविवारी सकाळी चिंचणीच्या पुढं समोरून येणारा एक ताडीवाला भेटला. देवू त्याचं नाव. तो सातपाटीलाच निघाला होता.

त्यानं रस्त्याच्या कडेला बसून सगळं सांगितलं. डहाणूच्या अलीकडं खाडीकाठच्या ताडवनात पंढरी म्हणून एक म्हातारा झोपडी करून एकटाच राहायचा, सुया-फण्या विकायचा. गेल्या रविवारी त्याला किनाऱ्यावर बोयाला धरून पडलेला माणूस सापडला. उजवी मांडी मोडलेली, अंगात ताप. म्हाताऱ्यानं त्याला झोपडीत नेलं, उशाशी पाण्याचा माठ भरून ठेवला.

"मी काल ताडी काढाया गेलो, तवा कन्हणं ऐकू आलं," देवू म्हणाला. "माठ रिकामा झाल्ता. म्या पानी पाजलं. डॉक्टरला आनू का म्हटलं, तं म्हनला, नको जाऊ, माझी बाय येतेय. म्हातारा वळखीची खून घेऊन गेलाय, माझ्या कमरेची सुई बघून ती लगेच वळखेल..."

"मग?" मंजुळानं विचारलं.

"दिवसभर दाराकडंच बघत होता, बाय. दिवस बुडाला तवा गेला."

मंजुळा मातीत बसली. बुधवारी दार उघडलं असतं तर गुरुवारी ती त्याच्या उशाशी असती. हिशेब इतका सोपा होता की तो पुन्हा पुन्हा केल्याशिवाय राहवत नव्हतं.

"त्या म्हाताऱ्याचे पाय धरायचे हायेत मला," ती शेवटी म्हणाली. "एवढं चालत आला. मी त्याला पानीसुद्धा दिलं नाय. कुठं हाय तो?"

देवू चमकला. "कुठं म्हंजे? तो तं कुठं पोचलाच नाय. सोमवारी पहाटं निघाला, जवळची वाट म्हनून खाडीत उतरला, नि भरतीत सापडला. मंगळवारी चिखलात घावला. आमीच जाळला त्याला, सांजच्याला. त्याच्या झोपडीत कुनी पडलंय, ते कुनाला ठाव?"

"बुधवारी आलता तो. माझ्या दारात."

देवूनं तिच्यासोबतच्या माणसांकडं पाहिलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

मेलेला माणूस निरोप द्यायला एवढं चालत आला, आणि मी जिती असून चार पावलं चालले नाही. हे मंजुळा पुढं ज्याला त्याला सांगायची. कुणी म्हणायचं, तुझा काय दोष, कुणीही असंच केलं असतं. त्यानं तिचं समाधान होत नसे. कुणीही केलं असतं, पण केलं होतं तिनं.

तिनं थाळी मोडीत दिली आणि दाराचा अडसर चुलीत घातला. दुपार झाली की ती उघड्या दारात, बाहेर तोंड करून बसायची. सुईवाला येवो, बोहारीण येवो, कापडवाला येवो, प्रत्येकाला पाणी द्यायची आणि त्याचं गाठोडं सोडायला लावून एकेक वस्तू निरखून बघायची. घ्यायची काहीच नाही. फेरीवालेही हसायचे. दोनदा तिच्या घरातली भांडी चोरीला गेली, तरी तिनं दार लावलं नाही. तिला एकच हवं होतं. तो म्हातारा पुन्हा यावा, आणि जिव्यानं आणखी काही सांगितलं होतं का, एवढं विचारता यावं.

आळी मात्र वर्षभरातच सगळं विसरली. पुन्हा एका घरात डबीवाला शिरला, पुन्हा सोनं गेलं, आणि दुसऱ्या कुणीतरी दुसरी थाळी घेतली.

तीन वर्षं गेली. अशीच ऑक्टोबरची दुपार. मंजुळा दारात बसली होती. डोळे टक्क उघडे. समोरची आळी सरळ शेवटपर्यंत दिसत होती, आणि तीत चिटपाखरू नव्हतं. एकाएकी चिखलाचा वास आला.

टक, टक, टक. शेजारी. आनंदीच्या दारावर.

मंजुळा ताडकन उठली. आनंदीच्या दारासमोर कुणीच नव्हतं, आणि दार वाजत होतं.

"आनंदे! उघड!"

"नाय गो," आतून आनंदीचा दबका आवाज आला. "कोण हाय कोण जाणे... काय इकायला आलाय..."

"उघड, नाय तं मी दार मोडते! एकनाथ कुठं हाय तुझा?"

एकनाथ आनंदीचा थोरला. सकाळीच एकटा छोटी होडी घेऊन गेला होता. आतून अडसर निघाला. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. ओला चिखल होता, आणि चिखलात नुकतंच कुणी टेकवलेलं होडीच्या वल्ह्याचं टोक, ताजं मोडलेलं. आनंदीनं ते ओळखलं आणि किंकाळी फोडली.

होड्या लागलीच सुटल्या. दिवस मावळायच्या आत एकनाथ सापडला, उलट्या होडीला धरून, जिवंत. साऱ्या आळीनं मंजुळाचे पाय धरले. तिला ते कळतसुद्धा नव्हतं. ती वाकून वाळूकडं बघत होती.

वाळूत आनंदीच्या दारापर्यंत आलेल्या खुणा अजून वाळल्या नव्हत्या. म्हाताऱ्याची काटकुळी, ओली पावलं. आणि त्याच्या शेजारून दुसऱ्या कुणाची. डाव्या पायाचा ठसा पूर्ण होता, आणि उजव्याच्या जागी नुसती फरफटत ओढत नेल्याची रेघ. दोघं आळीच्या तोंडाकडून आले होते, म्हणजे मंजुळाच्या दारावरूनच. म्हातारा सरळ गेला होता. ती रेघ मात्र आधी तिच्या उघड्या दारासमोर थांबून मग पुढं गेली होती. तिथं वाळू चांगलीच दबली होती, कुणीतरी बराच वेळ आत तोंड करून उभं राहावं तशी.

आणि मंजुळा तर ती सबंध दुपार दारातून बाहेर बघतच बसली होती.