बारा सेकंदांची दिवेवाली

सासूबाईंना सकाळीच ताप भरला, म्हणून त्या दिवशी ती ठमीला घेऊनच कामावर गेली. ठमी म्हणजे तिची आठ महिन्यांची लेक. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण ते शोभावं इतकी ती अजून गंभीर झालेली नव्हती. एका खांद्यावर लेक, दुसऱ्यावरच्या पिशवीत लंगोट, बाटल्या आणि बाळाच्या झोपेवरचं एक जाडजूड पुस्तक. पुस्तक वाचून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याबद्दल वाटावा, तितकाच भरवसा तिला आपल्या आईपणाबद्दल होता.

तिचं काम जुन्या फिल्म स्वच्छ करण्याचं. बिनखिडकीच्या, भिंतींना काळे पडदे लावलेल्या खोलीत बसायचं, संगणकावर एकेक फ्रेम उघडायची आणि धूळ, ओरखडे, बुरशी पुसायची. या धंद्यात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात. धूळ एका फ्रेमची पाहुणी. पुढच्या फ्रेममध्येही ती त्याच जागी बसलेली दिसली तर ती धूळ नव्हे, ते चित्र. त्याला हात लावायचा नाही.

त्या दिवशी समोर होता स्टुडिओचा लोगो. सिनेमा सुरू होण्याआधी तिनं लहानपणापासून पाहिलेला. अंधाऱ्या पायऱ्यांवर एक बाई दिवा उचलते, उजेड पसरतो, उजेडात स्टुडिओचं नाव उमटतं आणि अगदी शेवटी ती किंचित मान वळवते. बारा सेकंद, दोनशे अठ्ठ्याऐंशी फ्रेम. लोक तिला दिवेवाली म्हणत. नव्या सिनेमाला जोडायला ती चार वाजेपर्यंत लख्ख होऊन हवी होती.

ठमीला शेजारच्या, फिल्मच्या डब्यांच्या खोलीत टोपलीत निजवलं, दार सताड उघडं ठेवलं. तासाभरात तीनदा उठून तिचा श्वास बघितला. रात्रीची झोप जेमतेम दोन तास झाली होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. शेवटच्या एक्केचाळीस फ्रेममध्ये, डाव्या कोपऱ्यात खाली, एक पांढरा ठिपका होता. सगळीकडे त्याच जागी. "बुरशी," ती स्वतःशीच म्हणाली आणि एक्केचाळीस वेळा तो पुसून टाकला.

दुपारी ऑपरेटरकाका चहा घेऊन आले. स्टुडिओच्या थिएटरात त्यांनी हयातभर मशीन चालवलं होतं. आता डबे सांभाळत.

"दिवेवाली आणलीस होय?" पडद्याकडे बघत ते खुर्चीत टेकले. "ही नटी नव्हे बरं. चित्रकारानं कागदावर काढली होती ती नायिका. पण दिवा पितळी, वजनाला दगड. नायिकेचा हात थरथरायला लागला. मग शिवणखात्यातल्या बाईला उभं केलं. शिलाईचं मशीन मारून तिचे दंड तयार होते."

"बरं झालं, शिवणखात्याला कुणी विचारलं तरी."

काका हसले नाहीत.

"तिची पोर होती लहान. ठमीएवढीच. सेटच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या पेटीत निजवायची तिला. झाकणाला काठी लावून. तेरा टेक झाले. चौदाव्याला पोर जागी झाली. डायरेक्टरसाहेब म्हणाले, हा एवढाच टेक, मग जा... ती थांबली. तेवढ्यात काठी सरकली. झाकणाच्या आवाजाला तिनं मान वळवली. साहेब खूश. काय मान वळवली म्हणाले! गडबड, टाळ्या... पेटी उघडायला उशीर झाला, पोरी."

तिनं कप खाली ठेवला.

"तोच टेक लावला?"

"तोच. पन्नास वर्षं. आणि ती बाई मरेपर्यंत दर शुक्रवारी तिकीट काढून यायची. बारा सेकंद बघायची, सिनेमा सुरू झाला की उठून जायची. मी विचारलं एकदा. म्हणाली, कोपऱ्यात तिचा हात दिसतो, भाऊ. तेवढाच आहे माझ्याकडे. आम्ही म्हटलं, डोक्यावर परिणाम झाला. कधी कुणाला दिसला नाही."

काका कप घेऊन गेले. ती पडद्याकडे वळली. एक्केचाळीस फ्रेम, एकच जागा. पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम.

तिनं स्वच्छ केलेला लोगो लावून बघितला. बाईनं दिवा उचलला. नाव उमटलं. तिनं मान वळवली... आणि ती वळतच राहिली. कोपऱ्याकडे बघितलं. दिवा खाली धरून बघितलं. मग एक पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि पडद्याच्या कडेतून बाहेर गेली.

पायऱ्या रिकाम्या. खोलीत दिव्याच्या तेलाचा वास.

आणि शेजारच्या खोलीत ठमी हसली.

ती धावली. डब्यांच्या रांगांमधून पिवळसर उजेड हलत होता. टोपलीत ठमी जागी होती. कुणीतरी बोट धरायला द्यावं तसा तिचा डावा हात वर होता, मूठ मिटलेली. मूठ हळूहळू ओढली जात होती.

"ताई..." तिनं टोपली कवटाळली. "ही माझी आहे हो. तुमची... तुमची मी पुसली. चुकले मी. देते परत."

उजेड थांबला. कुणीतरी फार दमून श्वास सोडला.

ठमीला मांडीवर घट्ट धरून, एका हातानं, तिनं एक्केचाळीस फ्रेम पहिल्यासारख्या केल्या. आता तो ठिपका तिला स्पष्ट दिसत होता. पेटीच्या कडेवर चार इवलीशी बोटं. ती रडत होती आणि काम करत होती. पुन्हा लावून बघितलं तेव्हा बाई पायऱ्यांवर होती. तिनं मान वळवली, कोपऱ्यात बघितलं, तिथंच थांबली.

चारला पाच मिनिटं असताना तिनं काम पाठवलं. साडेचारला वरून विभागाच्या मॅडमचा फोन आला.

"सुंदर झालंय गं. फक्त कोपऱ्यात दोन डाग राहिलेत."

"एक, मॅडम. आणि तो डाग नाही."

"दोन आहेत. शेजारी शेजारी."

तिनं फ्रेम मोठी केली. चार बोटांना लागून एक दुसरी मूठ होती, गुबगुबीत. स्वेटरची बाही दोन घड्या घालून दुमडलेली. स्वेटर मोठा झाला म्हणून तिनंच सकाळी दुमडली होती तशी.

मांडीवर ठमी झोपली होती. श्वास नीट चालू होता. तिनं तीनदा बघितला.

"पुसून टाकतेस ना?"

"नको, मॅडम," ती म्हणाली. "तसंच राहू द्या."

तेव्हापासून दर शुक्रवारी ती ठमीला सासूबाईंकडे सोपवते आणि पहिल्या खेळाचं तिकीट काढते. बारा सेकंद डावा कोपरा बघते. दोन्ही हात जागेवर आहेत ना, तेवढं बघते. मग सिनेमा सुरू होतो आणि ती उठते. तिची खुर्ची खटकन मिटते.

पाठोपाठ शेजारचीही.