दोन्चोच्या घराचा उत्तरेकडचा कोपरा

दार लोटून घ्या रे, आणि मध्ये कोणी बोलू नका. नेदको गवंडी माझा मावसभाऊ. रचून सांगायला जी कल्पना लागते, ती त्या माणसात औषधालाही नव्हती. म्हणून सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. नोव्हेंबरची नऊ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाचला, अंधार पडता पडता, नेदको ब्रेस्तोवो गावाला निघाला तो नुसते आपले दोन जॅक आणायला. ते तिथल्या दोन्चोच्या घराखाली अडकले होते. जॅक काढायचे तर त्या जागी टेकू हवेत, म्हणून ओकचे दोन ओंडके गाडीत घेतले, वर पावाचा तुकडा आणि चीज.

त्या घराचा उत्तरेकडचा कोपरा बारा वर्षं खचत होता. भिंतीत हात जाईल एवढी भेग पडलेली. डागडुजीला बोलावलेल्या नेदकोनं भेगेवर काचेच्या पट्ट्या बसवल्या. भिंत हलली की काच तडकते. तीन रात्रींत तीन पट्ट्या तडकल्या. तेव्हा कोपऱ्याच्या बाहेरून चर खणून, भिंत जॅकवर तोलून, खालची माती बघावी असं त्यानं ठरवलं. दोन्चो गावाला गेलेला असताना त्यानं कामाला हात घातला. परत आल्यावर चर बघून दोन्चो असा भडकला की नेदकोला हातातलं घमेलं टाकून जावं लागलं. दोन्चोचं एकच म्हणणं, खणायचं नाही, वरून काँक्रीट ओतायचं. घरात निम्मा वाटा धाकट्या भावाचा, स्तामेनचा. तो बारा वर्षांपूर्वी कामाला स्पेनला गेला आणि तिकडचाच झाला, असं दोन्चो सगळ्यांना सांगायचा.

त्या संध्याकाळी घरात दिवा नव्हता. नेदकोला बरंच वाटलं, भांडण टळलं. कपाळाला टॉर्च बांधून तो चरात उतरला आणि पहिल्या जॅकशेजारी ओंडका उभा केला.

ठक.

लाकूड दाबलं जात असेल, त्याला वाटलं. हात लावून पाहिलं. ओंडका स्थिर होता.

ठक... ठक.

वरून नाही. कोपऱ्याखालच्या जुन्या काँक्रीटच्या खालून.

मग तिथली माती सुटायला लागली. आधी चिमूटभर. मग मूठभर. त्याच्या बुटांवर. आतून कोणी उकरत असावं तशी.

"कोण आहे?" नेदको म्हणाला.

माती थांबली...

आणि एकदम ढासळली. तिच्याबरोबर एक बाही आली. कातडी जाकिटाची. बाहीत हाड. मागोमाग कवटी घरंगळत आली. डावी बाजू आत चेपलेली.

"मी म्हटलं होतं ना मिस्त्री, वरून ओता."

चराच्या काठावर दोन्चो उभा होता. हातात टिकाव.

"दोन्चो... हा स्तामेन?"

"अर्धं घर मागत होता. अख्खं दिलं. डोक्यावर."

पहिला घाव खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज नेदकोनं स्वतः ऐकला. दुसरा अडवायला त्यानं हात वर केला, तर दोन बोटं गेली. तिसरा घाव दोन्चोनं जॅकवर घातला. जॅक उडाला. मग दुसरा. आता सगळा भार एका ओंडक्यावर. भिंत कण्हायला लागली. नेदको त्या हाडांवर कुशीवर पडलेला, तोंडात माती, स्वतःचं रक्त.

दोन्चोनं ओंडक्यावर टिकाव उगारला. उगारलेलाच राहिला.

तो नेदकोकडे बघत नव्हता. आपल्या पायांकडे बघत होता.

"सोड," तो हळूच म्हणाला. "सोड... स्तामेन..."

त्याला कोणीही धरलेलं नव्हतं. नेदको शपथेवर सांगायचा. पण त्याचा एक पाय चरात आला. मग दुसरा. नखांनी जमीन ओरबाडत तो छातीपर्यंत खाली आला. त्याच क्षणी नेदकोच्या कुशीला धक्का बसला, दोन तळव्यांचा, आणि तो चराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला.

ओंडका मोडला. कोपरा खाली आला.

दोन्चोचं किंचाळणं बराच वेळ चालू होतं. दगडांखालून. मग ते... आणखी खाली सरकत गेलं. मग नाही.

नेदको सरपटत रस्त्यावर आला, म्हणून वाचला. घाव बसलेल्या बाजूचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. पोलिसांना त्यानं टिकावाचं सांगितलं, धक्क्याचं नाही.

रविवारी ढिगारा उपसला, तेव्हा क्रेनवर मी होतो. दोन्चोला काढलं, स्तामेनची हाडं काढली. कोपऱ्याखालचं काँक्रीट तीन थरांचं निघालं. दोन्चोनं ते तीनदा ओतलं होतं, मध्ये चार-चार वर्षं सोडून. सगळ्यात खालचा थर मी उलटा केला. त्याच्या पोटाला दोन तळव्यांचे ठसे होते, बोटं फाकलेली. ओतलं तेव्हा स्तामेन जिवंत होता तर... फौजदारानं टोपी काढली. आम्ही छातीवर क्रुसाची खूण केली.

मग मी दुसरा थर उलटा केला. तो पहिल्यावर ओतलेला, पहिला दगडासारखा झाल्यावर. दोन्हींच्या मध्ये कागद सरकायला जागा नव्हती.

त्याच्याही पोटाला तळवे होते.

तिसऱ्याच्याही. आणि ते सगळ्यात खोल रुतलेले होते.