फळ्यांमागची टकटक

जूनची चौदा तारीख, शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जून म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. माझा शेजारी रॉडनी ट्रेम्बाथ कंदिलात तेल भरून सोन्याच्या जुन्या खाणीकडे निघाला. लोहाराचा भाता, बँक, गुत्ता, सगळं गाव पाहुण्यांसाठी जसंच्या तसं जपलेलं. पण तिकीट खपायचं ते रॉडनीच्या खाणीचं. हसू नका रे, नीट ऐका.

अठराशे एकाहत्तर साली आत चार कामगार अडकले. पाच दिवस दगडावर ठोकत राहिले. मालकांनी ते ऐकलं, आणि उकरायला गेलो तर पाणी फुटून सोनं बुडेल म्हणून खाणीचं तोंडच बुजवलं. हरामखोर लेकाचे! रॉडनी ही कथा रंगवून सांगायचा, कंदील विझवायचा, की फळ्यांच्या भिंतीमागून टक, टक, टक. पाहुण्यांची बोबडी वळायची. ठोकणारी असायची त्याची बायको ग्लेनिस. तिची आत जायची वाट शेजारच्या बोगद्यातून.

त्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. दिवसभर अबोला. तरी ती वेळेवर बोगद्यात शिरताना त्याने पाहिली.

सव्वासातला खेळ सुरू झाला. कंदील विझला. टक, टक, टक. पुन्हा तीन. पुन्हा तीन... थांबेचना. रॉडनीला वाटलं, ही सकाळचा राग काढतेय.

"आज आतली मंडळी खुशीत आहेत," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

पाहुण्यांत एक म्हातारी होती, जन्मभर नर्सचं काम केलेली. तिने फळीला कान लावला.

"हा खेळ नाही हो. कुणीतरी मदत मागतंय."

"बाई, तुमचे पैसे वसूल झाले म्हणायचे," रॉडनी म्हणाला. हशा पिकला.

टकटक वाढली. भराभर. सगळे बाहेर पडले तरी चालूच. रॉडनी मागे फिरला. फळीशी तोंड नेलं.

"बस कर, ग्लेनिस. आता राहा तिथेच."

एकदम शांत...

त्याने कुलूप लावलं. ग्लेनिस रात्री घरी आली नाही. रुसली की ती खालच्या आळीत बहिणीकडे जायची. हा जेवला आणि झोपला. मेला घोरत झोपला.

सकाळी बहीण म्हणाली, इकडे आलीच नाही.

बोगद्याचं छत बसलं होतं. ग्लेनिस दगडांखाली. मनगटावरचं घड्याळ फुटून सातला थांबलेलं. डॉक्टर म्हणाला, जीव मात्र पहाटे गेलाय. पहाटे... नऊ तास. आणि दोन्ही हात खांद्यापासून चेचलेले. तिला बोटसुद्धा हलवता आलं नसतं.

रॉडनीने एकदाच विचारलं, मग ठोकत कोण होतं?

तिचा चेहरा कुणीतरी स्वच्छ पुसला होता. डोळे मिटलेले. दोन्ही पापण्यांवर एकेक तांब्याचं नाणं, जुन्या काळी मेलेल्याचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून ठेवायचे तसं. राणीचं तोंड झिजून सपाट झालेलं, साल तेवढं वाचता येत होतं. अठराशे अडुसष्ट.