झोपेत नेलेली मुलं

दिवा बारीक करा, आणि त्या धाकट्याला मध्ये घ्या, नाहीतर रात्रभर माझ्या उशाशी येऊन बसेल. ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. माझ्या सख्ख्या साडूची आहे. तो बालगृहाची गाडी चालवायचा.

बालगृह म्हणजे ज्यांना सांभाळायला घरी कोणी उरलं नाही, अशा पोरांचं घर. एखादं कुटुंब पोर सांभाळायला तयार झालं की ते तिकडे पोचवायचं. दिवसा न्यावं तर रडारड, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीची पोरं बिथरणार. म्हणून तिथल्या अधीक्षकबाईंनी सोपी युक्ती काढली होती. पोर झोपेतच उचलायचं. साडूचा हात हलका, पोरांना पत्ताही लागायचा नाही.

तिथे दोन भावंडं होती. बहीण अकरा वर्षांची, भाऊ चारचा. एका कुटुंबाला फक्त भाऊ हवा होता. पोरीला कुठून तरी कुणकुण लागली. साडू गाडी धूत होता, तिथे येऊन उभी राहिली.

"काका, त्याला न्यायचं झालं तर मला उठवाल ना?"

"उठवीन की. वेडी कुठली."

आणि नाही उठवलं. भावाचा सदरा तिच्या मुठीत होता. एकेक बोट सोडवून त्याने पोरगा नेला. सकाळी बघतात तर हिचं अंथरूण रिकामं. अंधारात गाडीमागे धावली असणार. रस्त्याकडेच्या कालव्यात सापडली.

साडू पार खचला. पण मनाची समजूत घालायचा, गाढ झोपली होती बिचारी, झोपमोड कशाला करायची म्हणून नाही उठवलं. ह्या एका वाक्यावर माणूस जगत होता म्हणा ना. नोकरीही सुटली नाही, पोट काही थांबत नाही.

पुढल्या वर्षी तीन फेब्रुवारीची रात्र, मंगळवार. सव्वाच्या सुमाराला त्याने सहा वर्षांची एक मुलगी उचलली, चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर निजवली आणि निघाला. कालवा टाळून लांबचा रस्ता धरला. थंडी मरणाची, काचा बंद.

अर्ध्या वाटेत मागे कुजबुज सुरू झाली. पोर झोपेत बरळतंय, त्याला वाटलं. त्याने कान दिला.

आवाज दोन होते.

आरशात बघायचं नाही, असं ठरवलं. बघितलं... नुसता काळोख.

"कोण आहे?"

...

"काका."

आवाज त्याने ओळखला. पाय ब्रेकवर जाईना.

"पोरी... तू झोपली होतीस गं. म्हणून नाही उठवलं."

गाडी चालतच होती.

"मी जागीच होते, काका. तुम्ही उठवता का, ते बघत होते."



त्या घरी गाडी कशी लागली, साडूला आजही सांगता येत नाही. दारात एक बाई वाट बघत उभी होती. तिने मागचं दार उघडलं, पोर अलगद कडेवर घेतलं. ते अजून गाढ झोपेत.

"किती छान वेण्या घातल्यात हिच्या," ती म्हणाली. "कुणी घातल्या हो?"

साडूने वाकून बघितलं. निजवताना पोरीचे केस मोकळे होते, त्याच्या हातावर पसरलेले.

आता दोन घट्ट वेण्या. आणि दोन्ही वेण्यांमधून पाणी गळत होतं.