बोकडाचा शेवट

एरवी मी गोष्टीत पदरचा मसाला घालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही मात्र जशी घडली तशीच सांगतोय.

कतारमधलं दोहा. १९८४ चा हिवाळा. शुक्रवारची भर दुपार.

माझे दोस्त हाफिजभाई मूळचे रत्नागिरीचे. तिथल्या साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहायचे. इथे आले आणि कारकुनीत गाडले गेले. आता रेडिओच्या हिंदी कार्यक्रमात नाटकावर बोलायची संधी चालून आली होती. जमलं तर पुन्हा समीक्षक, नाहीतर जन्मभर कारकून.

आदल्या रात्री अल हिलाल वस्तीतल्या हॉलमध्ये मराठी मंडळींनी केलेलं नाटक ते पाहून आले होते. हरवलेल्या बोकडाचं प्रहसन.

पण बोलणं जमेना. वाक्य फर्लांगभर लांब. श्वास आधी संपायचा, क्रियापद मागाहून यायचं.

"हाफिजभाई, ये अखबार नहीं है," निर्माती मुनीरा वैतागली. "एक ही आदमी से बोलिए. घर में किसको सुनाते थे?"

हाफिजभाईंनी हातातले कागद उलटे ठेवले.

घरी बायको होती, ताहेरुन्निसा. तिला वाचता येत नव्हतं. ते नाटक पाहून आले की ताट वाढता वाढता विचारायची, "काय झालं नाटकात? सांगा की."

"उद्या छापून येईल," म्हणत हे लिहायला बसायचे.

ती गेली तेव्हा हे इथेच होते. मालक सफरीवर, पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. घरी पोचेपर्यंत तिचा चाळिसावाही उरकला होता.

मुनीरा चहा आणायला गेली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

हाफिजभाईंनी डोळे मिटले. समोर ताहेराला बसवलं.

"एक गाँव था..."

...हं.

हेडफोनात. बाईचा आवाज.

त्यांनी दचकून काचेपलीकडे पाहिलं. रेकॉर्डिंगच्या मशीनवर एकटा तंत्रज्ञ मच्छिंद्र होता.

"गाँव में एक बकरा खो गया..."

...हं.

आता वाक्यं आपसूक तुटू लागली. एक वाक्य, एक हुंकार. मधेच बांगड्या किणकिणल्या. मग ती हसली. पदर तोंडावर धरून हसायची, तशीच दबकी.

हिंदी कधी सुटली, त्यांनाही कळलं नाही.

"आणि पाहुणे जेवायला बसले..."

...मग?

नेमका इथे जुना समीक्षक जागा झाला. शेवट कधी फोडायचा नाही!

"पुढचं रंगमंचावरच पाहावं," ते सवयीने बोलून गेले.

हेडफोन गप्प.

कुणीतरी उठलं. बांगड्या लांब लांब जाऊ लागल्या...

"ताहेरा, थांब! बोकड गावला! माळ्यावर होता गं, जिवंत होता..."

"काका, टेप 'पाहावं'वरच संपली," मच्छिंद्र म्हणाला. "आणि ताहेरा कोण?"

"तुला बाईचा आवाज नाही आला?"

त्याने टेप मागे नेऊन लावली. बाईचा आवाज कुठेच नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर फक्त रिकामी जागा... एका हुंकाराएवढी.

मुनीरा मात्र खूश. "वा! मराठी काट देंगे. पर ये ठहराव कहाँ से सीखा, हाफिजभाई?"

हाफिजभाईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावला.

पुढे बरीच वर्षं ते रेडिओवर बोलले. प्रत्येक नाटकाचा शेवट फोडायचे. नाटकवाले करवादायचे, "अहो भाई, मग बघायला कोण येणार?" हे ऐकून घ्यायचे. शेवट सांगून झाला की माईकसमोर कान देऊन थांबायचे.

हुंकार पुन्हा आला नाही.

हाफिजभाई गेले. ती मूळ, न कापलेली टेप फिरत फिरत माझ्याकडे आली. परवा संध्याकाळी लावली. 'पाहावं' म्हणाले, टेप संपली, मी बटण बंद केलं.

आणि खोलीत...

...मग?

मी म्हणालो, "बोकड गावला, वहिनी. माळ्यावर होता."

हुंकाराची वाट पाहत मी कान देऊन बसलो.

माझ्या तोंडून नको, हाफिजभाईंच्याच तोंडून हवं असावं तिला.

...मग?